सैल हातमोजे घरच्या घरी आटवताना

लोकरीच्या हातमोज्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी निवडली आहेत. तक्रार सारखी वाटली तरी चौघांचे हातमोजे वेगवेगळ्या प्रकारचे आहेत आणि त्यामुळे उपायही वेगळे आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे. पुढील उत्तरे वाचण्यापूर्वी ते वाचलेले बरे.

प्रश्न : माझ्या सुनेने कुलूहून माझ्यासाठी हाताने विणलेले लोकरीचे हातमोजे आणले. आम्ही निफाडजवळ राहतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्कूटरवरून बागेकडे जाताना बोटे बधिर होतात, त्यामुळे ही भेट फार उपयोगाची आहे. अडचण एवढीच की बोटांच्या टोकांशी अर्धा इंच जागा रिकामी राहते, तळव्याशी हातमोजे ढगळ आहेत आणि मनगटाशीही ढिले आहेत. ब्रेक दाबताना पकड नीट बसत नाही. शेजारच्या काकू म्हणतात की उकळत्या पाण्यात तासभर घालून ठेवले की आपोआप आटतील. तसे करावे का?
(एक वाचक, निफाड)

उत्तर : तसे करू नये. उकळत्या पाण्यात हातमोजे नुसते बुडवून ठेवले तर ते तुम्हाला हवे तेवढे आटणार नाहीत, मात्र रंग उतरण्याची आणि लोकर रखरखीत होण्याची शक्यता आहे. लोकर उष्णतेने आटते हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की स्वेटर बिघडला की सगळा दोष गरम पाण्याच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात लोकर आटते ती चोळली गेल्यामुळे. गरम पाणी आणि साबण या दोन्ही गोष्टी त्या कामी मदत करतात, पण चोळण्यावाचून त्यांचा फारसा प्रभाव पडत नाही.

याचे कारण लोकरीच्या तंतूच्या रचनेत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास तंतूवर छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले दिसतात आणि त्या सर्व खवल्यांची मोकळी कड तंतूच्या टोकाच्या दिशेला असते. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो, पण उलट दिशेला सरकताना शेजारच्या तंतूंना अडतो. पाण्यात भिजल्यावर तो जाडीने सुमारे १६ टक्के फुगतो, आणि पाणी गरम असेल तर अधिक लवचीकही होतो. अशा अवस्थेत लोकर चोळली की प्रत्येक तंतू थोडाथोडा पुढे जातो आणि मागे परतू शकत नाही. असे असंख्य तंतू एकमेकांत शिरत गेले की टाक्यांमधली जागा भरून येते, वीण दिसेनाशी होते आणि वस्तू लहान व जाड होते. काश्मीरमध्ये, कच्छमध्ये आणि राजस्थानातील टोंक येथे बनणारा नमदा याच गुणामुळे तयार होतो. त्यात विणकाम मुळीच नसते, लोकरीचे थर साबणाच्या पाण्याने भिजवून, गुंडाळून आणि दाबून एकजीव केले जातात.

हातमोजे मोठे निघाले म्हणून हळहळण्याचे कारण नाही. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावर, विशेषतः अमेरिकेतील मेन राज्यात आणि आइसलँडमध्ये, मासेमारीला जाणाऱ्यांसाठी हातमोजे मुद्दाम बरेच मोठे विणले जात आणि मग आटवून हाताच्या मापाचे केले जात, कारण घट्ट जमलेल्या लोकरीतून वारा सहजासहजी आत शिरत नाही. आइसलँडमधल्या या हातमोज्यांना चार बोटांसाठी एकच पिशवी आणि अंगठे मात्र दोन असत. एका बाजूचा तळवा झिजला की हातमोजा फिरवून दुसऱ्या बाजूने घालता यावा, अशी ती सोय होती. ऑस्ट्रियातील डाखश्टाइन पर्वताच्या नावाने ओळखले जाणारे गिर्यारोहकांचे हातमोजेही असेच मोठे विणून आटवतात. पहाटेच्या वाऱ्यात स्कूटर चालवणाऱ्याला थोडे आटलेले हातमोजे मूळच्या हातमोज्यांपेक्षा अधिक ऊब देतील, यात मला शंका नाही.

आता कृतीकडे वळू. सर्वप्रथम हातमोजे खरोखर मेंढीच्या लोकरीचे आहेत की नाहीत, हे पाहावे. हातमोजा उलटा करून विणकामाच्या शेवटी आत खोचलेल्या धाग्याचे टोक शोधावे आणि बोटभर तुकडा कापून घ्यावा. हा तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटावर पेटवावा. लोकर असल्यास केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर करताच ती बहुधा विझते आणि मागे राहणारी काळी राख बोटाने चुरडली जाते. वितळून टणक मणी तयार झाला, तर धागा कृत्रिम आहे किंवा त्यात कृत्रिम धाग्याचे मिश्रण आहे. पाठोपाठ दुसरी परीक्षा करावी. धाग्याचा आणखी एक तुकडा घेऊन त्याचे पदर पिंजावेत, त्यावर कोमट पाणी आणि किंचित साबण घालावा आणि तो दोन्ही तळव्यांमध्ये मिनिट-दोन मिनिटे जोराने चोळावा. पदर एकमेकांना चिकटून दोरीसारखे एकजीव झाले, तर हातमोजे आटतील. पदर सुटेच राहिले, तर तिसऱ्या पत्राचे उत्तर वाचावे.

दुसरी गोष्ट अशी की ढिले पडणे आणि मुळात मोठे असणे यांत फरक आहे. विणलेली वस्तू हाताळताना, टांगून ठेवल्याने किंवा ओढल्याने ताणली जाते. असा ताण काढण्यासाठी काही चोळावे लागत नाही. हातमोजे कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावेत, पंच्यात गुंडाळून पाणी टिपून घ्यावे, बोटे आणि मनगटाची पट्टी हाताने आखडून नीट बसवावी आणि सावलीत सपाट जागेवर वाळू द्यावे. पुष्कळदा मनगटाची पट्टी एवढ्यानेच पूर्ववत होते. ही पायरी कोणीही टाळू नये, कारण ती निर्धोक आहे आणि पुढची पायरी मागे घेता येत नाही.

एवढे करूनही बोटांशी जागा राहिली, तरच आटवायला घ्यावे. आधी जाड पुठ्ठ्यावर आपल्या दोन्ही पंजांची बाह्यरेषा काढून ठेवावी, त्यावर कोरडे हातमोजे ठेवून कोठे किती जास्त आहे याची खूण करावी. रंग जात असेल अशी शंका असल्यास ओल्या पांढऱ्या फडक्याने आतली बाजू पुसून पाहावी.

माझ्या मते बोटांचे हातमोजे आटवण्याची सर्वात सुरक्षित जागा म्हणजे आपला स्वतःचा हात. हातात पातळ रबरी हातमोजे घालून त्यावर लोकरीचे हातमोजे चढवावेत. रबरामुळे त्वचेला साबणाचा त्रास होत नाही, आणि आत हात असल्यामुळे बोटांच्या आतल्या दोन बाजू एकमेकींना चिकटून बसत नाहीत. रिकाम्या हातमोज्यात नेमका हाच धोका असतो. टबमध्ये हाताला सोसेल असे, म्हणजे साधारण ४० ते ४५ अंश तापमानाचे पाणी घ्यावे. कपड्याच्या साबणाची वडी किसून लिटरभर पाण्याला एक चमचा कीस पुरतो. फेस फार झाला तर तंतू नुसतेच एकमेकांवरून घसरतात आणि काम लांबते. बोअरचे पाणी जड असेल आणि साबणाची साय धरत असेल, तर या कामापुरते पिण्याचे पाणी वापरावे.

नंतर आपण हात धुतो तसेच हातमोजे धुवायला सुरुवात करावी. पहिली काही मिनिटे हलक्या हाताने चोळावे, कारण सुरुवातीलाच जोर लावला तर एखादी जागा आधी जमते आणि वीण वेडीवाकडी होते. पृष्ठभाग जरा केसाळ दिसू लागला की जोर वाढवावा. साध्या सुलट विणीचे कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटते. तुमची अडचण बोटांच्या टोकांशी असल्याने हे तुमच्या पथ्यावरच पडेल. प्रत्येक बोटाचे टोक दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून फिरवावे, किंवा बांबूच्या चटईच्या तुकड्यावर मागेपुढे घासावे. तळवा त्याच चटईवर आडवा घासला की रुंदीही थोडी कमी होते. पाणी निवाले की बदलावे. मध्येच थंड पाण्यात बुडवण्याचा प्रघात आहे. त्याने बिघडत काही नाही, पण काम चोळण्यानेच होते.

दर पाच मिनिटांनी थांबून दोन्ही हातमोजे काढावेत, पाणी दाबून टाकावे आणि एकमेकांवर ठेवून तुलना करावी. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा एक हातमोजा नकळत जास्त चोळला जातो आणि जोडी विजोड होते. काही वेळ काहीच घडत नाही असे वाटते आणि मग थोड्याच वेळात बराच फरक पडतो, म्हणून कंटाळा आला तरी नजर हटवू नये. ओले हातमोजे किंचित सैल वाटत असतानाच थांबावे. लोकर जाड झाल्यामुळे हातमोजा बाहेरून दिसतो त्यापेक्षा आतून अधिक लहान झालेला असतो, आणि वाळताना तो आणखी थोडा आखडतो. एका मापाने कमी करणे या पद्धतीने सहज साधते. दोन मापांचा फरक असेल, तर वीण पार मिटून जाते आणि बोटे वाकवणे अवघड होते.

मनगटाची उलट-सुलट पट्टी मात्र शक्यतो साबणाबाहेर ठेवावी. ती जमली तर तिचा ताण जाईल आणि हात आत घालणे कठीण होईल. तेथे सैलपणा उरला, तर आतल्या बाजूने बारीक इलास्टिकच्या धाग्याच्या दोन-तीन ओळी ओवून घ्याव्यात.

शेवटी साबण पूर्ण निघेपर्यंत कोमट पाण्याने हातमोजे खळबळून घ्यावेत आणि अखेरच्या पाण्यात लिटरला चमचाभर पांढरे व्हिनेगर घालावे. त्याने साबणातला क्षार निघून जातो. पिळू नये, पंच्यात गुंडाळून दाबावे. मग ओले हातमोजे हातात घालून बोटे काही वेळा वाकवावीत, अंगठ्याचे कोन नीट बसवावेत आणि काढून सावलीत सपाट वाळवावे. पूर्ण वाळल्यावर स्कूटर उभी असतानाच ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दाबून पाहावे. पकड घसरते असे वाटल्यास तळव्यावर पातळ मऊ चामड्याचा तुकडा शिवून घेता येतो, पण तो आटवण्याचे काम संपल्यानंतरच.

प्रश्न : थंडीत लागणाऱ्या स्वेटरच्या स्टॉलवरून मी हातमोजे घेतले. विक्रेत्याने ‘वूलन’ आहेत असे सांगितले होते. मोठे होते म्हणून मी ते साबणाच्या पाण्यात उकळले. आटणे दूरच, ते लुळे पडले आणि आणखी लांब झाले. असे का झाले असावे?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमचे हातमोजे अॅक्रिलिकचे असावेत. बाजारात ‘वूलन’ हा शब्द थंडीच्या कोणत्याही विणलेल्या कपड्यासाठी वापरला जातो, आणि हिवाळ्यात आपल्या शहरांत येणाऱ्या स्वस्त स्वेटर, मफलर व हातमोज्यांत अॅक्रिलिकचे प्रमाण मोठे असते. विक्रेता फसवत असतोच असे नाही, बोलण्याची रीतच तशी पडली आहे. अॅक्रिलिकच्या धाग्यावर खवले नसतात. ते कितीही चोळले तरी जमत नाही, आणि ओल्या उष्णतेने त्याची मूळची उसळी निघून जाते. वाफेची इस्त्री ठेवल्यावरही हेच घडते. हा बदल कायमचा असल्याने गेलेली उसळी परत आणता येणार नाही.

हातमोजे टाकून देण्याची मात्र गरज नाही. ते उलटे करून हातावर घालावेत, प्रत्येक बोटाच्या टोकाशी आणि करंगळीच्या बाजूच्या कडेला जास्तीचा भाग टाचणीने धरावा आणि हाताने बारीक उलटी टीप घालून शिवावे. टीप किंचित सैल ठेवावी, नाहीतर बोट वाकवताना धागा तुटतो. जास्तीचा भाग लगेच कापू नये, कारण विणलेले कापड कापले की टाके सुटत जातात. आधी कडेने दाट टाके घालून घ्यावेत. हा खटाटोप नको असेल, तर आत पातळ सुती हातमोजे घालावेत. दुचाकीसाठी हा उपाय मला शिवणीपेक्षाही बरा वाटतो.

प्रश्न : मी टोरांटोत राहते. माझ्या मेरिनो लोकरीच्या हातमोज्यांना तळव्यावर चामडे आणि आत फ्लीसचे अस्तर आहे. लेबलवर शंभर टक्के लोकर आणि ‘मशीनमध्ये धुता येईल’ असे दोन्ही लिहिले आहे. घरी कपडे वाळवण्याचा ड्रायर आहे. त्यात फिरवून हे आटवता येतील का? आईने ‘लोकर आहे म्हणजे आटणारच’ असे फोनवर सांगितले.
(एक वाचक, टोरांटो)

उत्तर : तुमच्या आईंचे म्हणणे साध्या लोकरीबाबत योग्य आहे. लेबलवरचे ते दुसरे वाक्य मात्र महत्त्वाचे आहे. मशीनमध्ये धुता येणाऱ्या लोकरीवर बहुधा ‘सुपरवॉश’ म्हणून ओळखली जाणारी प्रक्रिया केलेली असते. सर्वाधिक रूढ पद्धतीत क्लोरीनच्या साहाय्याने तंतूवरचे खवले झिजवले जातात आणि वर रेझिनचा अतिशय पातळ थर दिला जातो. खवलेच बोथट झाल्यामुळे तंतू एकमेकांत अडकत नाहीत. अशी लोकर ड्रायरमध्ये फिरवली तर ताणलेली वीण थोडी आखडेल, पण हातमोजा एका मापाने लहान होणार नाही. लेबलवर वूलमार्कचे चिन्ह असले तरी त्यावरून अनुमान काढू नये. १९६४ पासून वापरात असलेले ते चिन्ह लोकरीच्या शुद्धतेची आणि दर्जाची ग्वाही देते. त्याखालची लोकर आटेल की नाही, हे त्यावरून कळत नाही, कारण सुपरवॉश लोकरीलाही ते मिळते.

समजा, ही प्रक्रिया झालेली नसती, तरी तुमचे हातमोजे आटवावेत असा सल्ला मी दिला नसता. लोकर आटते तेव्हा आतले फ्लीस आटत नाही. ते कृत्रिम धाग्याचे असते, त्यामुळे आत चुण्या पडतात आणि बोट घालायची जागा वेडीवाकडी होते. चामड्याचे तर याहून वाईट होते. गरम पाण्यात ते आकसते आणि वाळल्यावर कडक होते. अस्तर, चामडे, रबरी ठिपके किंवा भरतकाम असलेला हातमोजा चोळून आटवण्याच्या यादीतून सरळ वगळावा. खरेदीची पावती असेल तर लहान माप बदलून घेणे हाच मार्ग आहे, नाहीतर आत पातळ हातमोजे घालावेत.

ड्रायरविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. साध्या लोकरीचा स्वेटर ड्रायरमध्ये आटतो, तो आतल्या गरम हवेपेक्षा ओल्या अवस्थेत होणाऱ्या आपटण्यामुळे. त्यावर आपला ताबा नसल्यामुळे बोटांच्या हातमोज्यांसाठी मी ते यंत्र सुचवत नाही. चार बोटांची एकच पिशवी असलेले साधे, अस्तर नसलेले हातमोजे असतील, तर दर काही मिनिटांनी दार उघडून पाहत ते करता येईल.

प्रश्न : माझे शुद्ध लोकरीचे हातमोजे सैल होते म्हणून मी ते पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनमध्ये, गरम पाण्याच्या चक्रावर, जीन्सबरोबर टाकले. चक्र संपेपर्यंत दार उघडले नाही. आता ते माझ्या नातीच्या हाताला जेमतेम बसतात आणि पुठ्ठ्यासारखे घट्ट झाले आहेत. पूर्ववत करता येतील का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पूर्ववत करता येणार नाहीत. तंतू एकमेकांत शिरून अडकले आहेत आणि त्यांना सोडवण्याचा कोणताही घरगुती उपाय नाही. केसांना लावायचे कंडिशनर कोमट पाण्यात मिसळून त्यात हातमोजे अर्धा तास भिजवले आणि मग हळूहळू सर्व बाजूंनी ओढले, तर थोडी सैलता मिळते. लोकर मऊही होते. त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये आणि ओढताना एकाच बोटाला धरून झटका देऊ नये.

पुढील वेळेसाठी सांगायचे तर पुढून दार असलेले मशीन या कामाला गैरसोयीचे आहे, कारण पाणी असताना त्याचे दार कुलूपबंद राहते. वरून झाकण असलेले सेमी-ऑटोमॅटिक मशीन यासाठी चांगले. त्यातही हातमोजे चेन असलेल्या उशीच्या अभ्र्यात घालून सोडावेत, म्हणजे सुटलेली लोकर पाणी बाहेर जाण्याच्या जाळीत अडकत नाही, आणि दर दोन-तीन मिनिटांनी झाकण उघडून मापावे.

आता हाती असलेल्या हातमोज्यांचे काय करावे, हा प्रश्न उरतो. पूर्ण जमलेली लोकर कापली तरी उसवत नाही, आणि तुमच्या बाबतीत ही गोष्ट कामाची आहे. बोटे पहिल्या पेराशी धारदार कात्रीने कापली तर नातीला उघड्या बोटांचे हातमोजे होतील. तिला वहीत लिहिताना, सायकलची घंटा वाजवताना ते काढावे लागणार नाहीत. कापलेल्या कडेला जाड सुताने काजटाका घातला तर कड ताणली जात नाही. कापलेले बोटांचे तुकडे फेकू नयेत. खुर्चीच्या पायांखाली ते चिकटवले की फरशीवर ओरखडे पडत नाहीत.